पगार आला, ‘पागांदो’ आला नाही : एका पोर्तुगीज क्रियारूपाचा कोकणातील शोध

१/ बोईसर–तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात कुंभवली हे गाव आहे. महिन्याची सात तारीख जवळ आली की या पट्ट्यातील कारखान्यांच्या फाटकांवर एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘पगार झाला का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला कल्पनाही नसते की आपण एक पोर्तुगीज क्रियापद उच्चारत आहोत. ‘पागार’ म्हणजे देणे, चुकते करणे. तेच आपले ‘पगार’.

२/ क्रियापद आले, पण त्याचे एकच रूप आले. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ हे मूळ रूप. ‘देत’, ‘देत असताना’, ‘देऊन’ अशा अर्थांनी वापरायचे रूप वेगळे, ते ‘पागांदो’. या रूपाला पोर्तुगीज व्याकरणात ‘जेरुंदिओ’ म्हणतात. पगार मराठीत आला आणि घरोघर पोहोचला. पागांदो मात्र आला नाही. असे का झाले? आणि हे रूप महाराष्ट्रात खरोखर कोठेच उरले नाही का? आजचा धागा या दोन प्रश्नांचा आहे. 🧵

३/ प्रथम स्थळाची ओळख. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याखालील मुलूख पोर्तुगीजांना दिला. १५५९ मध्ये त्यांनी दमण घेतले. दमणपासून चौलपर्यंतचा किनारी पट्टा हा त्यांचा ‘उत्तरेचा प्रांत’, कारण राजधानी गोवा दक्षिणेस होती. डहाणू, तारापूर, माहीम-केळवे, शिरगाव, अशेरी ही त्यांची ठाणी. कुंभवलीपासून जवळच असलेला तारापूरचा किल्ला याच साखळीतला.

४/ जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तारापूर घेतले. या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. म्हणजे या किनाऱ्यावर सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीज भाषा कचेरीत, चर्चमध्ये, बाजारात आणि काही घरांतही बोलली जात होती. इतक्या दीर्घ सहवासाची खूण भाषेत राहणारच.

५/ ती राहिलीही. बटाटा, पाव, कोबी, काजू, अननस, चावी, बादली, घमेले, फीत, लिलाव, तुरुंग, काडतूस, पाद्री : हे सारे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. गोव्यात जन्मलेले भाषापंडित सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो (१८५५–१९२२) यांनी १९१३ साली आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठीतील अशा शब्दांचा अभ्यास करणाऱ्याला त्या ग्रंथापाशी जावेच लागते.

६/ आता ही यादी पुन्हा वाचा. एक गोष्ट लक्षात येईल. यातील प्रत्येक शब्द नाम आहे. काही वस्तू आहेत, काही स्थळे, काही व्यवहार, काही माणसे. वस्तू आली की तिचे नाव तिच्याबरोबर येते. बटाटा विकत घेणाऱ्याला विकणाऱ्याची भाषा बोलावी लागत नाही. परंतु ‘मी बटाटा कापत आहे’ या वाक्यातील ‘कापत’मधला ‘त’ बाजारात विकला जात नाही. प्रत्यय उधार घेण्यासाठी त्या भाषेत राहावे लागते.

७/ मग ‘पगार’ कसा आला? त्याचे एक उत्तर पोर्तुगीज व्याकरणात सापडते. त्या भाषेत क्रियापदाचे मूळ रूप सहज नामासारखे वापरता येते. आपण ‘त्याचे गाणे’, ‘तुझे बोलणे’ म्हणतो, तसाच हा प्रकार. ‘पागार’ हे म्हणून अर्धे नामच होते. ते व्यवहाराचे नाव म्हणून उचलणे सोपे गेले. जेरुंदिओचे तसे नाही. ते कधीही नाम होत नाही.

८/ येथे इंग्रजी शिकलेल्या वाचकांनी थोडे सावध राहावे. इंग्रजी व्याकरणात ‘जेरंड’ म्हणजे नामासारखे वापरलेले क्रियारूप. पोर्तुगीज जेरुंदिओ नेमका त्याच्या उलट. नाव एक, काम वेगळे. दोन्ही नावे लॅटिनमधून आली. लॅटिनमध्ये या रूपाला विभक्ती होत्या. पोर्तुगीजने त्यांतले एकच रूप, ‘-न्दो’ने संपणारे, जपले आणि ते क्रियाविशेषणासारखे राबवले.

९/ रूप बनवण्याचा नियम सोपा आहे. मूळ रूपाच्या शेवटचा ‘र’ काढायचा आणि ‘न्दो’ लावायचा.
कांतार (गाणे) → कांतांदो
बेबेर (पिणे) → बेबेंदो
पार्तिर (निघणे) → पार्तिंदो
अनियमित क्रियापदेही येथे बहुतेक शिस्तीने वागतात. सेर (असणे) → सेंदो, इर (जाणे) → इंदो, विर (येणे) → विंदो. गाणारा पुरुष असो वा स्त्री, एक असो वा अनेक, रूप बदलत नाही.

१०/ रूप एक, पण मराठीत आणताना त्याची अनेक रूपे होतात.
‘वेयो कांतांदो’ : तो गात आला.
‘वेंदो इश्तो, फुजिउ’ : हे पाहून तो पळाला.
‘शोवेंदो, नाँव सायो’ : पाऊस पडत असेल तर मी बाहेर पडत नाही.
जुन्या पोर्तुगीजमध्ये ‘एं शेगांदो’ : पोहोचताच.
मराठीत -त, -ऊन, -ताना, -ताच आणि ‘-त असेल तर’ अशी स्वतंत्र सोय आहे. पोर्तुगीज हे सर्व एका ‘न्दो’वर भागवते. अर्थ संदर्भाने ठरवायचा.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे का ठाऊक असावे? कारण जुन्या पोर्तुगीज पत्रांत, ठरावांत आणि तहांत लांबच लांब वाक्ये असतात आणि त्यांचे सांधे बहुधा याच रूपाचे असतात. समजा, एका पत्रात ‘आरमार शेगांदो, कप्तान बाहेर पडला’ अशा घडणीचे वाक्य आहे. आरमार येत असताना कप्तान पडला, आल्यावर पडला, की आल्यामुळे पडला? पहिल्या अर्थात योगायोग आहे, दुसऱ्यात क्रम आहे, तिसऱ्यात कारण आहे.

१२/ ‘आल्यावर’ आणि ‘आल्यामुळे’ यांत केवळ एका शब्दाचा फरक, पण इतिहासलेखनात तो फरक मोठा. क्रम सांगणारा पुरावा घटनांची तारीखवार मांडणी करायला मदत करतो. कारण सांगणारा पुरावा हेतू ठरवतो, प्रसंगी दोषही ठरवतो. भाषांतरकाराने ‘न्दो’चा अर्थ घाईने ‘मुळे’ असा लावला, तर मूळ लेखकाने न केलेला आरोप मराठी वाचकाच्या हाती पडतो. म्हणून मराठे–पोर्तुगीज संबंधांवरील भाषांतरे वाचताना असे सांधे दिसले, तर थांबून विचारावे : मूळात कारण आहे, की नुसता प्रसंग?

१३/ हीच अडचण उलट दिशेनेही आली होती. आपल्या भाषा शिकणाऱ्या मिशनऱ्यांनी त्यांची व्याकरणे लॅटिनच्या चौकटीत लिहिली, कारण त्यांना ठाऊक असलेले व्याकरण तेच. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स, म्हणजे ‘क्रिस्तपुराण’कर्ते, यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राचोल येथे छापले गेले. ते पोर्तुगीज भाषेत आहे. भारतीय भाषेचे छापील व्याकरण म्हणून त्याचा मान मोठा आहे.

१४/ उत्तर कोकणाच्या दृष्टीने याहून जवळचे एक पुस्तक आहे. सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने ‘उत्तरेकडील बोली’चे व्याकरण लिहिले. त्याचे नाव पुस्तकावर नाही. हस्तलिखित दोनशे वर्षे पडून राहिले. गोव्याचे सचिव आणि विद्वान कुन्य रिव्हारा यांनी ते १८५८ साली प्रथम छापून आणले. ज्या पट्ट्याला पोर्तुगीज ‘उत्तर’ म्हणत, तेथील लोकभाषेचे ते दुर्मिळ चित्र आहे.

१५/ मराठीचे पहिले छापील व्याकरणही पोर्तुगीज भाषेतच आहे. ते १७७८ साली रोममध्ये छापले गेले. त्याच्या नावात एक गंमत आहे : ‘निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत चालणारी’ मराठी, असे वर्णन तेथे आहे. परंतु १७७८ मध्ये ही दोन्ही राज्ये अस्तित्वात नव्हती! निजामशाही १६३६ मध्ये आणि आदिलशाही १६८६ मध्ये बुडाली. म्हणजे मजकूर किंवा निदान त्यातील माहिती छपाईपेक्षा बरीच जुनी असली पाहिजे. पुस्तकाचे शीर्षकसुद्धा पुरावा असते.

१६/ आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जेरुंदिओ महाराष्ट्रात कोठेच उरला नाही का? उरला आहे. त्यासाठी तारापूरहून दक्षिणेला, त्याच ‘उत्तरेच्या प्रांता’च्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई. डोंगरी किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी एक छोटी ख्रिस्ती वस्ती. येथील सुमारे हजारभर माणसे घरात आजही पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात. तिला ती ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’.

१७/ ही भाषा कशी घडली? १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी चौलला किल्ला बांधायला घेतला. कोर्लईचा डोंगर त्यांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. शिपाई, स्थानिक स्त्रिया, धर्मांतरित कुटुंबे आणि चाकर यांच्या रोजच्या बोलण्यातून एक नवी बोली उभी राहिली. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अधिकारी गेले, वस्ती राहिली. नंतर चर्चमधल्या प्रार्थनांतून पोर्तुगीज कानी पडत राहिली, पण शेतावर आणि बाजारात सभोवार मराठीच होती.

१८/ अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या गावात राहून अभ्यास केला आणि १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील क्रियापदांची मांडणी पाहिली की आपला हरवलेला जेरुंदिओ समोर येतो.
कांता (गाणे) : चालू रूप कांतान
बेबे (पिणे) : चालू रूप बेबेन
इर्गि (उठणे) : चालू रूप इर्गिन
‘यो ते बेबेन’ म्हणजे ‘मी पीत आहे’. पोर्तुगीज ‘बेबेंदो’ची शेपटी झिजली, ‘न’ उरला.

१९/ कोणी म्हणेल, हा ‘न’ मराठी ‘-ऊन’चा तर नव्हे? शंका योग्य आहे, पण दोन कारणांनी ती टिकत नाही. एक, ‘-ऊन’ आधी संपलेली क्रिया सांगतो (‘पिऊन गेला’), तर कोर्लईचा ‘न’ चालू असलेली क्रिया सांगतो. दोन, शेपटी झिजण्याचा हा प्रकार त्या बोलीत इतरत्रही दिसतो. पोर्तुगीज ‘कांतादो’ (गायलेले) तेथे ‘कांताद’ झाले. अंत्य स्वर गळण्याची तीच रीत ‘कांतांदो’लाही लागू पडली.

२०/ यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. कोर्लईच्या भाषेने मराठीतून क्रियापदे उचलली, तेव्हा त्यांच्यासाठी ‘उ’कारान्त असा नवा, चौथा गट तयार केला. मराठी ‘लोट’पासून तेथे ‘लोटु’ झाले आणि त्याचे चालू रूप ‘लोटुन’. धातू मराठी, प्रत्यय लिस्बनचा! ऐकायला ते थेट आपल्या ‘लोटून’सारखे, पण अर्थ ‘लोटत’. दोन भाषांच्या दोन वेगळ्या वाटा एका उच्चारावर येऊन भेटल्या.

२१/ आता या रूपाचे वय पाहू. आजच्या लिस्बनमध्ये ‘मी गात आहे’ याला बहुधा ‘इश्तोउ आ कांतार’ म्हणतात. त्यात जेरुंदिओ नाही, मूळ रूप आहे. ही रचना पोर्तुगालमध्ये अठराव्या–एकोणिसाव्या शतकांत बळावली. त्यापूर्वी सर्वत्र ‘इश्तोउ कांतांदो’ हाच प्रघात होता. ब्राझीलने तोच राखला. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आलेन्तेजु, आल्गार्व्ह आणि अझोर बेटांवरही तो टिकून आहे.

२२/ याचा अर्थ असा की कोर्लईचा ‘न’ हा लिस्बनची बोलण्याची रीत बदलण्यापूर्वीच्या भाषेशी जुळतो. १७४० मध्ये सत्तेचा दोर तुटला आणि पुढचा बदल या गावापर्यंत पोहोचला नाही, हे अनुमान सयुक्तिक आहे. मात्र केवळ एका प्रत्ययावरून तारीख ठरवू नये. जेरुंदिओ पोर्तुगालमधूनही पुरता गेलेला नाही. प्रत्ययाचा पुरावा नाण्याच्या पुराव्यासारखा वापरावा : दुसऱ्या साधनांच्या शेजारी ठेवून.

२३/ पण एक गाठ अजून सुटलेली नाही. पोर्तुगीज मलाक्क्यातही होते, १५११ ते १६४१. तेथेही अशीच मिश्र बोली जन्मली आणि ती आजही बोलली जाते. परंतु तेथे चालू क्रिया सांगताना क्रियापदाआधी ‘ता’ हा छोटा शब्द येतो आणि क्रियापद उघडेच राहते. ‘न्दो’चा मागमूस नाही. काळ साधारण एकच, शिपाई आणि व्यापारी एकाच देशाचे. मग कोर्लईत जे राहिले ते मलाक्क्यात का गेले?

२४/ उत्तर शेजारच्या भाषेत शोधावे लागते. मलाक्क्यात शेजार मलय भाषेचा. मलयमध्ये चालू क्रिया दाखवायला क्रियापदाच्या शेवटी प्रत्यय लागत नाही. वेगळा शब्द आधी येतो. कोर्लईत शेजार मराठीचा. मराठीत आपण ‘गात आहे’ म्हणतो : धातू, त्याला प्रत्यय, सोबत साहाय्यक क्रियापद. ‘कांतांदो’ची घडण हीच. मराठी कानाला पोर्तुगीज ‘न्दो’ परका वाटला नाही, कारण त्याच्या जागी स्वतःचा ‘त’ आधीपासूनच होता.

२५/ हे साम्य वरवरचे नाही. पोर्तुगीज लोक जेरुंदिओला ‘इर’ (जाणे), ‘विर’ (येणे), ‘फिकार’ (राहणे) ही क्रियापदे जोडतात. मराठी पाहा :
‘वाय क्रेसेंदो’ : वाढत जाते.
‘वें दिझेंदो’ : सांगत येतो.
‘फिकोउ ओल्यांदो’ : पाहत राहिला.
शब्दाला शब्द बसतो. दोन भाषांचा पूर्वज हजारो वर्षांपूर्वी एक होता हे खरे, पण हे जुळणे त्या नात्यामुळे नसून दोहींनी आपापल्या वाटेने घडवलेल्या रचनांचे आहे. कोर्लईच्या माणसाला दोन्हीकडे एकच साचा मिळाला.

२६/ म्हणून या कथेचे सार मी असे मांडेन. बाजारातल्या मराठीने पोर्तुगीजकडून नावे घेतली आणि क्रियारूप नाकारले. पण कोर्लईच्या घरांत, जेथे पोर्तुगीज ही आईची भाषा झाली, तेथे त्याच मराठीच्या शेजाराने ते क्रियारूप सांभाळण्यास हातभार लावला. भाषांचा संपर्क म्हणजे नेहमी एकीने दुसरीला गिळणे नव्हे. कधी शेजारीण शेजारणीची वस्तू जपून ठेवते.

२७/ हे रूप आजही वादांना निमित्त होते, हे जाता जाता सांगतो. ब्राझीलमध्ये ‘मी आपणांस पाठवत असणार आहे’ अशा थाटाची लांबण लावणारी कार्यालयीन भाषा बोकाळली, तेव्हा २००७ साली ब्राझिलियाच्या संघीय जिल्ह्याचे राज्यपाल जोझे रोबेर्तो आर्रूदा यांनी रीतसर फर्मान काढून आपल्या सर्व खात्यांतून जेरुंदिओला ‘बडतर्फ’ केले! दिरंगाईला भाषेचा आधार मिळतो, ही त्यामागची तक्रार. व्याकरण मात्र फर्मानाने बदलत नाही. ब्राझील आजही ‘कांतांदो’च म्हणतो.

२८/ आता पुन्हा तारापूरला येऊ. वसई, साष्टी, मुंबई, चौल या पट्ट्यातही पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली होती. दालगादो यांनी तिच्यावर १९०६ मध्ये लेख प्रसिद्ध केला. आज तिची कोर्लई ही एकच शाखा महाराष्ट्रात घरोघर बोलली जाते. दमण आणि दीव येथेही अशा बोली आहेत, पण तेथे पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत राहिली, म्हणून त्यांची कहाणी निराळी. तारापूरच्या किल्ल्यात कोणती बोली ऐकू येत असे, त्यात ‘न्दो’चा ‘न’ झाला होता की नाही, हे सांगणारा आवाज आता उरलेला नाही.

२९/ किल्ल्याची भिंत पडली तर तिचा पाया तरी सापडतो. बोललेला प्रत्यय शेवटच्या माणसाबरोबर जातो. कोर्लईत मुले मराठी शाळेत शिकतात, तरुण नोकरीसाठी बाहेर पडतात. ‘नौ लिंग’चे भवितव्य तिथल्या कुटुंबांच्या हाती आहे. आपण निदान इतके करू शकतो की कोर्लईचा किल्ला पाहायला जाऊ तेव्हा खालच्या वस्तीकडे केवळ ‘जाता जाता लागणारे गाव’ म्हणून पाहू नये. किल्ल्याहून दुर्मिळ वारसा तेथील घरांत बोलला जातो आहे.

३०/ आणि इतिहासाची आवड असणाऱ्या प्रत्येकासाठी एक छोटे काम. पालघर, डहाणू, वसई, अलिबाग या पट्ट्यातील आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. भांडी, जाळी, होडी, सुतारकाम, सणाचे पदार्थ यांतील अनोळखी शब्द लिहून घ्या. शब्द कोणी सांगितला, कोठे, कोणत्या वाक्यात वापरला, हेही लिहा. केवळ शब्द नव्हे, पूर्ण वाक्य लिहा. कारण आपण आज पाहिले : नाव बाजारातून येते, पण घराचा इतिहास क्रियापदाच्या शेपटीत दडलेला असतो.

३१/ पुढच्या सात तारखेला ‘पगार झाला’ असे म्हणाल, तेव्हा त्या शब्दातला ‘र’ क्षणभर ऐका. तो पोर्तुगीज क्रियापदाचा शेवटचा ‘र’ आहे, या किनाऱ्यावर सुखरूप पोहोचलेला. त्याचा भाऊ ‘न्दो’ तारापूरला हरवला आणि कोर्लईला ‘न’ होऊन जगला. आपल्या गावात असा एखादा शब्द असेल, तर तो पूर्ण वाक्यासह खाली नक्की नोंदवा. धागा समाप्त. 🙏